माळवदावरची बाज

बाभळीचे चार पाय आणि अंबाडीची दोरी, एवढ्यावर उभी असलेली मी एक जुनी बाज आहे. मित्रांनो, केदारखेड्याच्या सुतारानं मला घडवलं आणि त्याचा भाऊ भुजंग यानं विणलं. १९५२ च्या दिवाळीनंतर मी जालन्याला, एका कापड दुकानाच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, आले. मला झोपण्यासाठी नव्हे, तर औषध म्हणून आणलं होतं.

दुकानाचे मालक सुरजमल शेठ तिशीतले होते. सकाळपासून दिवे लागेपर्यंत ते आतल्या अंधारात गादीवर बसायचे. मांड्या दुखायच्या, उठताना हात टेकावा लागायचा. लग्नाला बरीच वर्षं होऊन घरात मूल नव्हतं. त्याचा दोष त्यांची आई प्रेमबाई सुनेला, चंदनबाईला, द्यायची. "जमीनच खारी, तर पेरणारा काय करंल?" असं शेजारणींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायची. घनसावंगीची एक मुलगी तिनं पाहून ठेवली होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बोलणी करायची आणि चंदनबाईला कायमचं माहेरी धाडायचं, असं तिच्या मनात पक्कं होतं.

डॉक्टरांनी शेठच्या अंगात ड जीवनसत्त्व कमी असल्याचं सांगून माशाचं तेल लिहून दिलं होतं. जैनाच्या घरात ती बाटली उंबऱ्याच्या आत आली नाही. मग उरलं ऊन. मी आले त्याच दिवशी डॉक्टर वर आले आणि माझ्यावर बसून शेठशी एकांतात बोलले. पुरुषाच्या ताकदीचे रस अंगातच तयार होतात, तुमच्यात तेही कमी आहेत, म्हणून मूल नाही. सूनबाईंमध्ये काही कमी नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. उन्हानं हाडं सुधारतील, मुलाचा शब्द मात्र मी देत नाही, असंही म्हणाले. शेठनी मान हलवली आणि घरात फक्त उन्हाचं सांगितलं.

शेठ रोज येऊन बसू लागले. पण कसे? डोक्याला पगडी, अंगात लांब कोट, पायांवर धोतर. गड्यांसमोर उघड्या अंगानं बसणं शेठला शोभत नाही. वरून लेक काळा पडेल म्हणून प्रेमबाईनं चार काठ्यांवर चादर ताणली. मित्रांनो, त्या थंडीत ऊन खाल्लं ते चादरीनं. संक्रांत आली तरी शेठचा हात उठताना माझ्या गातावर, बाजूच्या दांड्यावर, टेकलेलाच.

चंदनबाई शेजारीच मूगवड्या वाळत घालायची. एके दिवशी तिनं उठून चादर सोडली.

"हे काय करून राह्यली? मांजी काय म्हणतील?" शेठ म्हणाले.

"वड्या कपड्यात गुंडाळून वाळत न्हाईत," ती म्हणाली. "कोट काढा. मंग मांजींना जे सांगायचं ते मी सांगते."

शेठनी कोट काढला. प्रेमबाई चार दिवस सुनेशी बोलली नाही. फाल्गुन सरता सरता मांड्यांचं दुखणं कमी झालं, आणि चैत्रात शेठ हात न टेकता उठले.

प्रेमबाईला वाटलं, लेक बरा झाला, आता अडचण कसली? आखाजीला घनसावंगीचे पाहुणे आले. घरात उकडत होतं, म्हणून बैठक माळवदावर, माझ्याभोवतीच झाली. चंदनबाई पाणी घेऊन आली. प्रेमबाईनं बोलायला सुरुवात केली, तसे शेठ उभे राहिले.

"कमी माझ्यात आहे. डॉक्टरांनी दिवाळी झाल्यावरच सांगितल्तं. तुमची लेक आणली तरी पाळणा हलायचा न्हाई. हिला मी फुकट बोल खाऊ दिले."

पाहुण्यांनी पाणी पिऊन निरोप घेतला. चंदनबाई पेले गोळा करत होती. सासूसमोर सून बाजेवर बसत नसे, तरी प्रेमबाई माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली, "बस जरा." चंदनबाई बसली. तिचं वजन मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

घरात मूल झालं नाही. एका पोरक्या मुलीला त्यांनी वाढवलं. शेठ माझी दोरी ओढून घट्ट करायचे, तेव्हा दुसरं टोक ती मुलगी धरायची. गेल्या वर्षी शेठ गेले. आता माझी दोरी सैल पडली आहे आणि माझ्यावर लाकडं ठेवतात. मित्रांनो, सैल बाज टाकून देऊ नका, दोरी ओढली की ती पुन्हा माणूस पेलते. आणि दुखणं आपलं असेल, तर ते आपल्याच तोंडानं वेळेवर सांगा. ते झाकलं, की दुसऱ्याच कुणाला तरी भोगावं लागतं.