मिठात घातलेली सोळा चित्रे

मी एक जुने पाककृतींचे पुस्तक आहे आणि मला पाण्याची भीती वाटते. वाफेची वाटते, दमट वाऱ्याची वाटते, ओल्या हातांची तर फारच वाटते. मित्रांनो, पुस्तकाने इतके भित्रे असावे का, असे तुम्हाला वाटेल. आधी माझी हकिकत ऐका.

मी मुंबईच्या एका छापखान्यात जन्मले. शंभर पाने साध्या कागदाची आणि मध्ये सोळा चकचकीत पाने चित्रांची. चकचकीत कागदावर पांढऱ्या मातीचा पातळ लेप असतो. त्यावर निळ्या, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईचे बारीक ठिपके पडतात. भिंगातून पाहाल तर नुसते ठिपके. हातभर लांबून पाहाल तर तोंडाला पाणी सुटेल असे कालवण. याचा मला फार अभिमान होता.

धरमतर खाडीकाठच्या मिठागरात काम करणाऱ्या हिरामणने मला पेणच्या बाजारातून बायकोसाठी आणले. सखुबाईला वाचता येत नव्हते.

"मना कनाला पुस्तक? मी काय आता शालंत जाऊ?" ती म्हणाली.

"वाचू नको. नुसतं बघ," हिरामण हसून म्हणाला.

आणि ती बघत राहिली. चुलीपुढे बसून, पदराला हात पुसून, एकेक चित्र. कालवणावर कोथिंबीर कशी पेरली आहे, हे तिने माझ्यात पाहिले आणि दुसऱ्या दिवशी तशीच पेरली. "आज कालवनाला फुलं वाहिलीस का?" हिरामण म्हणाला, पण वाटी चाटूनपुसून संपवली.

तिचे सर्वांत आवडते चित्र नववे. त्यात पदार्थ नव्हता, स्वयंपाकघर होते. उभ्याने रांधायचा ओटा, पांढऱ्या फरशा, खुंट्यांना टांगलेले कप, लाल टोप. घरात ओटा बांधायचे ठरले तेव्हा तिने मला गवंड्यापुढे उघडून धरले. "ह्याच्यासारका." चित्रात माप लिहिलेले नसते. चित्रातल्या उंच बाईवरून गवंड्याने अंदाज बांधला आणि ओटा सखुबाईच्या छातीला लागला! ती जन्मभर पाटावर उभी राहून भाकऱ्या थापत आली, पण ओट्याची वीट काही हलवू दिली नाही.

वर्षे गेली. चूल गेली, स्टोव्ह आला, गॅस आला. मी फळीवर उन्हात होते. उन्हाने किरमिजी आणि पिवळी शाई आधी उडते, निळी मागे राहते. माझ्या मुखपृष्ठावरची जिलेबी बुडून मेल्यासारखी निळी पडली, तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले. सखुबाईने मला ओट्याखालच्या कपाटात ठेवले. ऊन टळले, पण मी जमिनीजवळ आले.

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदातल्या उधाणात खाडीचा बांध फुटून त्याला खांड पडली. भर दुपारी गुडघाभर खारे पाणी घरात शिरले. मी पानापानांतून ते प्याले. अंग फुगले. चित्रांवरचा लेप मऊ होऊन चिकट झाला. त्या दिवशीची भीती मला आजही सांगता येत नाही.

खरे संकट मात्र दुसऱ्या दिवशी आले, तेही मायेने. हिरामणने आयुष्यभर मीठ पिकवलेले. ओली वस्तू टिकवायची तर तिला मीठ लावायचे, हे त्याच्या हाताला ठाऊक होते. "मीठ पानी वढतं. चार दिसांत सुकंल," असे म्हणत त्याने मला टबात आडवे केले, उघडतील तेवढ्या पानांत मूठमूठ कच्चे मीठ भरले आणि वर दगड ठेवला. अगदी मासळी खारवतात तसे.

पण कच्च्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते हवेतलाही ओलावा ओढून घेतात आणि कागदाला सुकू देत नाहीत. त्यात वरून दगड. मी बाहेर निघाले ते वीट होऊन. चित्रांची पाने घट्ट चिकटली होती. पुढच्या वर्षी हिरामण वारला. सखुबाई मला मांडीवर घ्यायची, वरून हात फिरवायची आणि न उघडताच ठेवून द्यायची.

यंदा नवे स्वयंपाकघर करायचे ठरले. सून प्रणाली वाईट नाही. ती मोबाइलवर स्वयंपाकघरे बघते, तशी सखुबाई माझ्यात बघत असे.

"आई, ह्या विटेला वास येतो. नव्या लाकडाला कसर लागेल. शनिवारी ट्रॉल्या बसतात, त्याआधी हे बंबात टाकते."

"टाक. आधी मना टाक," सखुबाई म्हणाली.

बंबात रद्दी कशी जाते, हे मी कित्येकदा पाहिले होते. त्या दिवसापासून पाणी तापवायची वेळ झाली की माझी शिवण आवळून यायची.

नात अमिषा कॉलेजात रसायनशास्त्र शिकते. "मम्मी, शुक्रवारपर्यंत थांब. मी पानं सोडवून बघते." शुक्रवारी सकाळी तिने परात आणली आणि तिच्यात पाणी ओतले. पाणी!

"आजी, मीठ गोड्या पाण्यातच सुटेल. पण लेपही सुटू शकतो. चित्रं जातील कदाचित."

"आनि न्हाय सोडवलं तं?"

"तर बंब."

सखुबाईने परात स्वतःपुढे ओढून घेतली. मग म्हणाली, "घाल."

मी बुडाले. अमिषा दर तासाने पाणी बदलत होती. सखुबाई बोट बुडवून जिभेला लावायची. "आजून खारट हाय." तिसरे पाणीही खारट. पाचव्याला तिने मान हलवली, "आता गोडं."

अमिषाने जुन्या फायलीची पातळ प्लास्टिकपट्टी पानांमध्ये हळूहळू सरकवली. कालवण सुटले. श्रीखंड सुटले. तेरा चित्रे सुटली, दोन अर्धी फाटली. नववे सुटलेच नाही. त्याची सगळी कातडी शेजारच्या पानाला लागून निघाली आणि तुकडे होऊन पाण्यावर तरंगली. मागे उरला पांढरा कागद.

अमिषाच्या डोळ्यांत पाणी आले. "सॉरी, आजी. तुझंच चित्र गेलं."

"रडतेस कनाला? सुकू दे. मंग पेन आन."

संध्याकाळी पान सुकले. सखुबाईने त्यावर बोट ठेवले. "हितं ओटा. हितं लाल टोप. हितं कप, पाच. आनि हितं खिडकी. खिडकीतना मिठाचं ढीग दिसत, पांढरंफेक." बोट जाईल तिथे अमिषा लिहीत गेली. प्रणाली दारात उभी राहून ऐकत होती. "ट्रॉलीत नको, दमट होईल," ती अमिषाला म्हणाली. "वरच्या कप्प्यात जागा कर."

मित्रांनो, त्या चित्रात खिडकी नव्हतीच. कप तीन होते.

आज आभाळ भरून आले आहे आणि माझ्या कडा पुन्हा दमट झाल्या आहेत. मी अजून घाबरते. म्हणून सांगते: पुस्तक भिजले तर त्याला मीठ लावू नका, त्यावर दगड ठेवू नका, पानापानात टिपकागद घाला आणि वारा द्या. कोरडी असतील तेव्हाही पाने अधूनमधून उघडत जा. आणि गेलेले चित्र कोणी आठवून सांगत असेल, तर शेजारी बसून लिहून घ्या. कप मोजू नका.