दूधवाल्याची गाडी

थोरला गेला आणि महिना उलटायच्या आत वहिनीने त्याची पिकअप विकून टाकली. कोणाला विचारलं नाही की सवरलं नाही.

"भाऊजी, गाडी देऊन टाकली मी," संध्याकाळी दारात उभी राहून ती म्हणाली.

धाकटा जेवत होता. "बरं," म्हणाला आणि त्याने पुढचा घास घेतला.

दुसरा कोणी असता तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. दोघा भावांचा काचा बसवण्याचा धंदा, त्या गाडीवर दोन घरं चालायची. धाकट्याच्या बायकोने भांडी आपटून पाहिली. "अहो, काहीतरी बोला तरी." पण बोलणार काय? भाऊ गेल्यापासून त्याला रडू आलं नव्हतं, राग आला नव्हता, चहा गोड की अगोड तेही कळत नव्हतं. दात काढण्याआधी इंजेक्शन देतात तेव्हा गाल जसा आपला राहत नाही, तसा हा अख्खा माणूस झाला होता. नातेवाईक त्याला समजूतदार म्हणून गेले. नातेवाइकांचं काय, गप्प बसणारा कोणीही त्यांना समजूतदारच वाटतो.

वहिनीने मात्र त्या "बरं"चा धसका घेतला. दोन घरांमधलं दार ती लावून घेऊ लागली. मग तिने माळ्यावरची बॅग खाली काढली. माहेरी, आपल्या भावाकडे जाते म्हणाली, कायमची.

"एकदा गेल्या की परत यायच्या नाहीत त्या," बायकोने धाकट्याला बजावलं. "तुम्ही राहा म्हणालात तरच राहतील."

"बरं," धाकटा म्हणाला, पण वहिनीकडे काही गेला नाही.

गाडी तर हवीच होती. एका दूधवाल्याने मोठी गाडी घेतली होती, म्हणून तो आपली जुनी पिकअप विकायला काढत होता. लोक जुनी गाडी घेताना बॉनेटमध्ये डोकं घालतात, टायरला लाथा मारतात, आपल्याला सगळं कळतं असं तोंड करतात. धाकट्याने खिशातून टेप काढला आणि मागचा हौदा मोजला. मग केबिनची मागची काच बाहीने पुसली आणि तीतून मागे नीट दिसतं का ते पाहिलं. झाली तपासणी.

"इंजिन तरी बघा," दूधवाला म्हणाला.

"असेल ना."

असलं गिऱ्हाईक दूधवाल्याला जन्मात भेटलं नव्हतं. त्याचंच मन त्याला खाऊ लागलं. "दुसरा गिअर जरा अडतो," त्याने आपणहून सांगून टाकलं. "सीट पुढे सरकत नाही. आणि हॉर्न मी वेगळा बसवलाय, गिऱ्हाइकाला घरात बसून ओळखू यावा म्हणून."

"बरं."

व्यवहार झाला, किल्ली हातात आली. धाकटा वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेला, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसला, दार ओढून घेतलं आणि वाट बघू लागला. दूधवाल्याने रिकाम्या स्टिअरिंगकडे पाहिलं. मग खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, "सोडायला येऊ का?"

त्यात चूक कोणाची? इतकी वर्षं थोरला चालवायचा आणि हा शेजारी बसून, मान मागे वळवून काचेवर नजर ठेवायचा. प्रत्येक खड्ड्यानंतर "आहे" म्हणायचा, म्हणजे काच शाबूत आहे. त्यापायी त्याची मान जराशी वाकडीच राहिली होती. थोरला चिडवायचा, "लग्नाच्या फोटोतसुद्धा हा मागेच बघतोय, कोणी ढापणार होतं का रे तुझी बायको?" गाडी चालवायला येत नव्हती असं नाही. लायसन्स होतं, थोरला गेल्यावर थोडे दिवस त्यानेच जुनी गाडी नेली-आणली होती, पण अंगाला जुनीच जागा ठाऊक. धाकटा उतरला नाही. आतल्या आत सरकून तो स्टिअरिंगमागे गेला.

गाडीला आंबलेल्या दुधाचा वास होता. बायकोने सोडा टाकून ती तीनतीनदा धुतली, तरी वास काही हलला नाही. दूधवाला लांबटांग्या, सीट त्याच्या मापाची, म्हणून धाकटा पाठीशी उशी घेऊन बसायचा. हौद्यात त्याने काचा उभ्या टेकवायचा लाकडी घोडा बोल्ट मारून पक्का केला, त्यावर जुनी घोंगडी बांधली. हात आपलं काम करत होते. काम नीट झालं याचंही त्याला काही वाटलं नाही.

पहिलं काम होतं एका शिंप्याच्या दुकानाची दर्शनी काच. थोरल्यानेच घेतलेलं. पुरुषभर उंचीची काच, एकट्याने हलणारी नव्हे. शेजारचा रंगारी येतो म्हणाला होता, पण त्याचा फोन बंद. धाकटा अंगणात काचेपाशी उभा राहिला. किती वेळ, कोण जाणे.

मधलं दार उघडलं. वहिनी अजून गेली नव्हती; त्या दारातून ती अंगणात आली. हातात थोरल्याचे हातमोजे होते, तिला ढगळ होणारे.

"कुठे धरू सांगा."

त्याने सांगितलं. तिने धरलं, आणि चांगलं धरलं. काच घोड्यावर चढली, दोरी आवळली. वहिनी शेजारच्या सीटवर बसली आणि कोणी न सांगता मान वळवून मागे बघू लागली. पहिल्या स्पीडब्रेकरला म्हणाली, "आहे." धाकट्याने गिअर टाकला. शिंप्याची काच बसली, सरळ बसली.

परतताना एका गल्लीत कुत्रं आडवं आलं म्हणून धाकट्याने हॉर्न वाजवला. लगेच एक दार उघडलं आणि एक म्हातारी पातेलं घेऊन बाहेर आली.

"दूध नाही, आजी. गाडी विकली दूधवाल्याने," धाकटा म्हणाला.

म्हातारीने रिकाम्या हौद्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं आणि ती आत गेली.

वहिनी समोर बघत होती. "मीही अशीच उठायचे," ती म्हणाली. "तुम्ही गाडी घेऊन फाटकात आलात की. हे गाडी घेऊन यायचे तेव्हाचाच आवाज. हात पुसत उठायचे, दार उघडायचे. आणि तुम्ही एकटेच उतरायचात. रोज. शेवटी देऊन टाकली."

धाकट्याने गाडी कडेला घेतली.

"मला विचारायला हवं होतं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला. "भाऊ होता तो माझा. जन्म काढला मी त्या गाडीत. त्या सीटला त्याचा वास होता. एकदा सांगायचं होतं, जाऊन बसलो असतो जरा. तेवढंही नाही?" त्याने स्टिअरिंगवर मूठ आपटली. हॉर्न लांबलचक वाजला. राग आला होता, चांगला सणसणून आला होता, आणि त्याच्यामागून रडूही आलं.

वहिनीही रडत होती, पण घाबरली नव्हती. "बोला," ती म्हणाली. "अजून बोला. इतके दिवस नुसतं बरं, बरं. मला वाटलं, मी दोघांनाही घालवून बसले."

हॉर्न ऐकून पुढची दोन दारं उघडली होती. भांडी घेतलेली माणसं गाडीपाशी येऊन उभी राहिली. धाकटा अजून हुंदके देत होता. वहिनीने पदराने तोंड पुसलं आणि खिडकीची काच खाली केली.

"दूधवाला गेला," ती म्हणाली. "ही आता आमची गाडी आहे."