पालथ्या मडक्यावरची रोटी

जपानच्या वकिलातीतले पाच पाहुणे शहापूरचा विहार पाहायला येणार म्हटल्यावर जेवणाचं सगळं रुचिताकडे आलं. घरात एम.ए. झालेली तीच, आणि तेही इतिहासात. सामुराईंच्या काळावर तिनं कॉलेजात निबंध लिहिला होता. त्या काळी जपानात परदेशी राजदूत आले की तिथले यजमान चिमुकल्या वाट्यांतून मासे मांडायचे आणि पाहुणे मांस शोधत अर्धपोटी उठायचे.

"ती चूक आपण करायची नाही," तिनं नवऱ्याला, अश्वजितला बजावलं. "त्यांना त्यांच्यासारखंच द्यायचं. मऊ भात, अळणी वरण, उकडलेल्या भाज्या."

"अन् वहिनीची रोटी काहून नाही?"

रुचितानं ओठ दुमडले. थोरली जाऊ रीता आठवी नापास, पण तिची लांब रोटी आसपासच्या गावांत नावाजलेली. सैल कणीक हातांवर खेळवत ती कोपरापर्यंत ताणायची आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर अलगद सोडायची. बघायला बाया थांबायच्या. रुचिताची आठ महिन्यांची लेक आईकडे किरकिरायची आणि रीताच्या मांडीवर खुदकन हसायची. हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

"कोपराला लागलेली रोटी त्यांना चालायची नाही, ताई," ती रीताला म्हणाली. "तुम्ही आपल्या माणसांपुरत्या करा. विहाराच्या मागं."

"बरं बाई. तू शिकलेली, मले काय समजते."

पाहुण्यांनी भात खाल्ला, वरण खाल्लं, घासागणिक मान लववली. रुचिता लेकीला कडेवर घेऊन एकेकाच्या ताटावर नजर ठेवून होती. दुसऱ्यांदा कुणीच काही घेतलं नाही. तेवढ्यात मागून रोटीचा खरपूस वास आला, आणि त्यांच्यातल्या पिकल्या केसांच्या बाई उठून सरळ तिकडे चालू लागल्या.

रुचिता पोचेपर्यंत त्या चुलीपाशी बसून वांग्याच्या रश्शात रोटी बुडवत होत्या. तिखटानं डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात थांबत नव्हता. मग त्या रुचिताशी इंग्रजीत पुष्कळ बोलल्या. अशी कला या देशात कुठं पाहिली नाही. मुंबईला आमच्या समारंभात या करायला येतील का, विचारा.

"काय म्हणून राहिली वं ते?" रीतानं विचारलं.

"चांगली झाली म्हणतात."

"एवढंच? ते त लय वेळ बोलली."

लेक किरकिरत रीताकडे झेपावत होती. रुचितानं तिला आवळून धरलं. बाई उत्तरासाठी थांबल्या होत्या, आणि रीता रुचिताच्या तोंडाकडे इतक्या भाबडेपणानं बघत होती की थाप पुढं रेटता येईना.

"तुमाले मुंबईले बोलावून राहिल्या," ती शेवटी म्हणाली. "रोटी करायले."

रीता हसली. "मी तिथं जाऊन बोलीन काय? तुलेच यावं लागन संग."

रुचिताला याचाच संताप यायचा. या बाईला उलटून जळताही येत नव्हतं.

ती पाहुण्या बाईंकडे वळली आणि इंग्रजीत म्हणाली, "या येतील. सोबत मी असेन." 'मी' जरा जोरातच आला.

तोवर रीतानं हाताची कणीक पदराला पुसून लेक घेतली होती. पोर लगेच गप्प झाली.