दाबलेला खोकला

मुकादमाने नणंदेच्या हातातली चिठ्ठी न वाचताच कपड्यांच्या गठ्ठ्यावर टाकली आणि तिच्या मशीनचा पट्टा उतरवला. शिवणकारखान्यातल्या तीसेक बायकांनी माना खाली घातल्या. काजांच्या मशीनवर बसलेल्या तिच्या वहिनीची मान मात्र वर झाली.

चिठ्ठीत डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ लिहिलं होतं. हिने क्षयाची औषधं दोन महिने एकही दिवस न चुकवता घेतली आहेत, थुंकी तपासली आहे, आता हिच्यापासून कुणाला लागण होणार नाही, कामावर घ्यायला हरकत नाही. नणंदेने तेच तोंडी सांगून पाहिलं, तिच्या नेहमीच्या खालच्या आवाजात. मुकादम म्हणाला, त्याला बाकीच्या बायकांच्या जिवाची काळजी आहे.

जिवाची काळजी! वहिनीच्या अंगाची लाही लाही झाली. पांढऱ्या कापडावर धूळ बसते म्हणून याच माणसाने खिडक्यांना खिळे ठोकले होते. दवाखान्याची माणसं बायकांना तपासायला दोनदा आली, तेव्हा यानेच त्यांना फाटकावरून वाटेला लावलं होतं. आणि खोकणारी बाई दुसऱ्या दिवशी कामावर दिसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं. म्हणून तर उबळ आली की वहिनी मशीन पळवायची. त्या खडखडाटात खोकला बुडून जायचा. घरी मात्र एकच खोली होती, आणि तिचं अंथरूण नणंदेच्या अंथरुणाला लागून.

नणंद आजारी पडल्यावर दवाखान्याने घरच्या सगळ्यांना तपासायला बोलावलं होतं. वहिनी आज-उद्या करत राहिली. शेवटी गेली, आणि काल निकाल हातात आला. तो तिने कुणालाच दाखवला नव्हता.

तोंडावरचं फडकं घट्ट करून ती उठली.

"हिला माझ्यापासून लागलं."

मुकादमाला आधी कळलंच नाही.

"आजार आधी मला झालाय. पाच महिने इथेच बसून खोकतेय. काढून टाकाल म्हणून गिळत होते."

मुकादम दोन पावलं मागे सरला. नणंदेकडे बघायचा वहिनीला धीर होईना. नणंदच पुढे आली आणि तिच्या दंडाला धरून उभी राहिली.

"मला तरी सांगायचंस ना गं, वहिनी."

मुकादमाने दोघींना दार दाखवलं.

"जातेच," वहिनी म्हणाली, "पण या बायकांना तपासून घ्या."

"इथे बाकी कुणाला काही झालेलं नाही."

कोपऱ्यातलं एक मशीन थांबलं. मग शेजारचं. एकेक करत सगळी थांबली. त्या शांततेत इस्त्रीवाली म्हातारी खोकली, पोटातून, बराच वेळ. मग दाराजवळची बटणवाली. मग मागच्या रांगेतून कुणीतरी.

मशीनं चालू करा, म्हणून मुकादम ओरडला. कुणीही जागचं हललं नाही.