दुसरा हात

सुनेने जेलची बाटली थोडा वेळ आपल्या तळहातांत धरून कोमट केली आणि मग सासूबाईंच्या मनगटावर पिळली. बाकीच्या पेशंटांच्या नशिबी ही चैन नव्हती.

"गार नाही ना लागलं?"

"लागलं असतं तरी सांगून काय उपयोग," सासूबाई म्हणाल्या. "घरातही तुझंच राज्य, इथेही तुझंच."

सोनोग्राफीच्या अरुंद खोलीत दोघीच होत्या; सासूबाईंचा लेक बाहेर बाकावर बसला होता. सोमवारी ऑपरेशन ठरलं होतं. मनगटात दबलेली नस मोकळी करायची, पंधरा-वीस मिनिटांचं काम, महिन्याभरात आई पुन्हा सुई धरतील, असं सुनेने घरात छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. सासूबाईंनी चाळीस वर्षं रफूचं काम केलं होतं. कोटाचं भोक त्या असं बुजवत, की कोटाच्या मालकालाच ते पुन्हा सापडू नये. आता सहा महिने झाले, सुई चिमटीत राहत नव्हती. स्वेटरची बटणंसुद्धा लेकाला लावून द्यावी लागत, आणि तो रोज न चुकता एक काज चुकवत असे.

चार महिन्यांपूर्वी सुनेने त्यांना जेवणाच्या सुट्टीत इथे आणलं होतं. मनगटातली नस जराशी सुजलेली दिसली आणि चोर सापडल्याचा तिला केवढा आनंद झाला. हाताखालच्या शिकाऊ डॉक्टरांना ती कायम बजावत असे, मनगटात सूज दिसली म्हणून हुरळून जाऊ नका, नस धरून थेट काखेपर्यंत वर जा आणि मग दुसरा हात बघा. घरच्या माणसाच्या वेळी तिने यातलं काहीच केलं नाही. डबा खायचा राहिला होता आणि उत्तर मनासारखं मिळालं होतं. तिने मनगटाला बांधायचा पट्टा दिला आणि विषय संपवला.

आज ती फक्त ऑपरेशनची जागा नक्की करायला बसली होती. पडद्यावर नस आली, मधाच्या पोळ्याच्या बारीकशा तुकड्यासारखी. सूज तेवढीच होती. चाळीस वर्षं सुई धरलेल्या कुठल्याही मनगटात ती एवढी असायचीच, हे तिच्या आज ध्यानात आलं. सोनोग्राफीचा दांडा, प्रोब, हातावरून सरकवत ती कोपराकडे गेली. नस कुठेच दबलेली नव्हती. शेजारचा स्नायू मात्र काळसर दिसायला हवा तो राखाडी झाला होता, आणि ती बघत असतानाच त्याचा एक कोपरा लवला. मग दुसरा.

"आई, हात हलवताय का?"

"नाही बाई. निपचित पडलेय."

"दुसरा हात द्या."

"तो तर चांगलाय."

"असू दे. द्या."

डाव्या दंडावर प्रोब टेकवून ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. मिनिटभर थांबायचं, हाही तिचाच नियम. हलू नकोस म्हणून आयुष्यात तिने कुठल्या स्नायूची इतकी मनधरणी केली नव्हती. अर्धं मिनिट तो शांत राहिला. मग पाणी उकळायच्या आधी भांड्याच्या तळाशी हलतं, तसं काहीतरी हललं. तिने त्यांची साडी वर सारून पोटरी बघितली. तिथेही तेच.

"रात्री हाताला मुंग्या येतात, असं म्हणाला होतात ना मला? नस दबली की मुंग्या येतातच."

सासूबाई छताकडे बघत होत्या.

"मुंग्या नव्हत्याच गं. तू तीनदा विचारलंस, तेही इतक्या आशेनं. चौथ्यांदा नाही म्हणवेना."

हा आजार एका जागी अडकलेल्या नसेचा नव्हता. तो सगळ्या अंगाचा होता. आज हात, मग पाय, मग घास, शेवटी श्वास. तो थांबवणारं औषध नव्हतं. तिने टॉवेल घेतला आणि एकेक बोट पुसत बसली, जेल कधीच निघून गेलं होतं तरी.

"सोमवारचं जरा पुढे ढकलू," ती म्हणाली. आवाज सरळ निघाला, असं तिला वाटलं. "आणखी दोन-चार तपासण्या करून घेऊ. मोठ्या डॉक्टरांना दाखवू. मग बघू."

सासूबाई कोपराच्या आधाराने उठून बसल्या.

"कोट आला की मी आधी उजेडात धरायचे," त्या म्हणाल्या. "भोक कितीही मोठं असो, भोवतालचा धागा धड असला की तिथल्या तिथे सांगायचे, शुक्रवारी या. कापडच विरलेलं असलं तर म्हणायचे, ठेवून जा, बघू. माणसं आशेनं यायची. तोंडावर नाही कसं म्हणायचं."

"मग त्यांना कळायचं?"

"एखाद्याला कळायचं."

"आणि तो काय करायचा?"

"काय करणार. ठेवून जायचा."

ट्रेमध्ये मनगटाचा पट्टा पडला होता. सासूबाईंनी तो हाताच्या पाठीने सुनेकडे सरकवला.

"हा राहू दे इथंच. कुणाला तरी लागेल."

सुनेने त्यांच्या अंगात स्वेटर चढवला आणि समोर वाकून बटणं लावायला घेतली. डोळे भरून आले होते, पण हात थांबू दिले नाहीत. शेवटचं बटण लावायला गेली तर त्याला काजच उरलं नाही. वर कुठेतरी एक चुकलं होतं. ती सगळी पुन्हा काढायला लागली, तसा सासूबाईंनी आपला हात, जेवढा उचलला तेवढा, तिच्या हातावर ठेवला.

"राहू दे गं. बाहेर बसलाय तो. त्याला वाटेल, त्यानेच लावलीत."