पेडलमधली हळद

विनताने पेडल पार तळापर्यंत दाबलं, तरी इंजिन कण्हत तसंच राहिलं. खिडकीबाहेर उभ्या असलेल्या तिच्या वडिलांनी, रत्नाकररावांनी, कपाळाला हात लावला.

"पाय असा काहून आदळतेस? हळू दाब नं. तीस वर्षं फॅक्टरीत काढली मी."

तीन आठवड्यांत हे तिने इतक्यांदा ऐकलं होतं की आता चिडायचाही कंटाळा आला होता. ती कुंडम गावच्या शाळेत शिकवायची. दसऱ्यानंतर तिथे जाणाऱ्या जंगलातल्या रस्त्यावर गाडी चारदा अशीच मरगळली होती, आणि मागचे ट्रक भोंगे वाजवत राहिले होते. दोन मिस्त्र्यांनी दोन वेगवेगळे भाग बदलून पाहिले. वडिलांचं निदान मात्र पहिल्या दिवसापासून एकच, पोरीला चालवता येत नाही. त्यांनी गाडीला गिऱ्हाईकही पाहून ठेवलं होतं, ते आज संध्याकाळी येणार होतं. गाडी गेली की नोकरीही गेल्यातच जमा, कारण पहिल्या बसने शाळेची वेळ गाठता येत नव्हती.

गढा वस्तीतला नथ्थू हा तिसरा मिस्त्री; आज गाडी त्याच्या गॅरेजसमोर उभी होती. त्याने स्कॅनर जोडला आणि समजावून सांगितलं, पेडलमध्ये दोन सेन्सर असतात. पाय किती दाबला हे दोघं इंजिनला सांगतात, आणि दोघांचं जुळलं नाही की इंजिन कोणाचंच ऐकत नाही. विनताला हे अगदी आपल्या घरातल्यासारखंच वाटलं.

गाडी बंद करून पुन्हा चालू केली, तर पेडल दाबताच इंजिनचा वेग शहाण्यासारखा वाढला.

"बघ, आता बरोबर दाबला," रत्नाकरराव म्हणाले.

विनताने दात आवळले आणि पाय तसाच धरून ठेवला. नथ्थूने पेडलच्या वर हात घालून वायरीचा जोड जरासा हलवला. स्कॅनरवरचा एक आकडा एकदम शून्यावर आला, इंजिन पुन्हा मरगळलं. तिचा पाय जागचा हललाही नव्हता.

जोड काढला तेव्हा आतल्या पिना हिरव्या पडलेल्या होत्या, आणि त्यांच्याभोवती पिवळा थर. नथ्थूने तो नखाने खरवडून नाकाशी नेला.

"दीदी, यहाँ हल्दी किसने डाली?"

विनताने वडिलांकडे वळून पाहिलं. दसऱ्याला बॉनेटवर स्वस्तिक काढून झाल्यावर रत्नाकरराव आत वाकले होते. फॅक्टरीत ते दरवर्षी आपल्या लेथची पूजा करायचे, यंत्र जिथून चालतं त्या जागेला पहिलं पाणी. गाडी पेडलने चालते, म्हणून हळदीच्या पाण्याचा अख्खा गडवा त्यांनी तिथे वरून ओतला होता. लेथ बिडाचं होतं, त्याने ते निमूट सोसलं होतं.

विनताला विलक्षण संताप आला. तीन आठवडे गिळलेलं सगळं ओठांवर आलं. ती खाली उतरली, पण वडील फोन काढून रस्त्याच्या कडेला गेले होते. पाठ तिच्याकडे होती. आवाज मात्र अजून फॅक्टरीतलाच, मशीनवरून ऐकू जाणारा.

"नहीं भाईसाहब, मत आइए. गाड़ी नहीं बेचनी."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं.

"चलाने वाली ठीक थी. गलती मेरी थी."

फोन खिशात टाकून ते परत आले. विनताकडे त्यांनी पाहिलं नाही. नथ्थूच्या समोर उभे राहून म्हणाले,

"जोड़ आज ही बदल दो. मैडम को सुबह स्कूल जाना है."