ती ‘जाते’ म्हणाली

लंबूनं कात्री टेबलावर ठेवली, पर्स खांद्याला लावली आणि दारातून म्हणाली, “जाते गं.”

“जा, जा. आणि येताना काळ्या दोऱ्याचं रीळ आण,” टकळी मान न वळवता म्हणाली.

दोघींचं शिवणकामाचं दुकान. लंबू कापायची, टकळी शिवायची. नावं शाळेतच पडलेली. एक इतकी उंच की तिला कायम शेवटच्या बाकावर बसवत, आणि दुसरीला वर्गाबाहेर उभं केलं तरी तिच्या तोंडाची टकळी थांबत नसे.

मशीन चालू होतं, पण टकळीचं मन कुठंतरी अडकलं होतं. दोरा तुटला. ओवला, पुन्हा तुटला. काय म्हणाली ही? बाहेर पडणारं माणूस ‘येते’ म्हणतं. परत यायचं असतं, म्हणून ‘येते’. पोराबाळांना चालण्याच्या आधी शिकवतात हे. आणि लंबू तर शब्दसुद्धा टेपनं मोजून टाकणारी बाई.

गेली असेल जीभ घसरून, अशी टकळीनं स्वतःची समजूत घातली आणि ब्लाउजला बाही जोडली. दुसरी उचलली. तीही डावीच.

लंबूनं दोन्ही बाह्या डाव्या कापल्या होत्या.

मग एकेक आठवायला लागलं. न विंचरलेले केस. न उघडलेला डबा. “झोप लागत नाही गं,” आणि त्यावर आपण काय म्हणालो? “मग रात्रपाळी कर, ऑर्डरी तुंबल्यात.” लंबू हसली होती. आपल्याला वाटलं, झालं, जमलं.

फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग टकळीनं शटर अर्धवट ओढलं आणि लंबूच्या घराकडे निघाली. बस येईपर्यंत धीर धरवेना. ती चालत सुटली. मनात नको नको ते येत होतं आणि रस्ता संपता संपत नव्हता.

दार लंबूनंच उघडलं.

“दुकान उघडं टाकून आलीस? डोकं फिरलंय का?”

टकळी आत शिरली. खिडकीत कुंड्यांच्या जागी नुसते गोल डाग.

“झाडं कुठं गेली?”

“शेजारच्या काकूंना दिली. त्यांच्याकडे जगतील.”

टकळीच्या जिभेवर चांगले दोन-तीन विनोद आले होते. तिनं ते गिळले.

“लंबे, सरळ विचारते. मरायचं मनात येतंय का?”

लंबू सिंकपाशी वळली. धुतलेलंच पातेलं पुन्हा धुवायला लागली. टकळीला शांतता म्हणजे टोचणारी कॉलर. ओढणीचं टोक पिळून पिळून तिनं त्याची दोरी केली, पण तोंड उघडलं नाही.

“येतं,” शेवटी लंबू म्हणाली. “सकाळी जास्त. तुला सांगायला गेलं की तू हसवतेस. मग मला हसावं लागतं. दमते गं मी हसून.”

टकळीला ते फार लागलं. पण रडायची पाळी आज तिची नव्हती.

“बरं. नाही हसवत.”

“बघू, किती वेळ टिकतंय.”

“डॉक्टरकडे जाऊ. आत्ता. आणि तुझ्या नवऱ्याला मी फोन करते, त्याला कळायला हवं.”

“डॉक्टरला काय सांगायचं? काही झालेलंच नाही मला.”

“आत्ता मला सांगितलंस तेच. नाही जमलं तर मी सांगेन.”

“तू सांगायला लागलीस तर त्यांचा दवाखाना बंद व्हायची वेळ होईल,” लंबू म्हणाली, आणि पदराला हात पुसून चपला शोधायला लागली. एक सापडली. दुसरी टकळीनं कॉटखालून काढून दिली.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, “काय होतंय?” टकळीनं तोंड उघडलं, लंबूकडे पाहिलं, आणि मिटलं. मग लंबूनं सुरुवात केली, अडखळत, अर्धं वाक्य सोडून पुन्हा पहिल्यापासून. टकळी ऐकत राहिली. पाय मात्र खुर्चीखाली हलायचे थांबेनात.